दृष्टिपटलवाहिन्यांचे फ्लुओरेसीन चित्रण
हाताच्या शिरेतून फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य टोचून निळ्या प्रकाशात दृष्टिपटलाची क्रमवार छायाचित्रे घेण्याची पद्धत. हॅरल्ड नोवोटनी व डेव्हिड अल्विस यांनी ती १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. दृष्टिपटलाच्या निरोगी वाहिन्यांतून हे द्रव्य बाहेर पडत नाही. वाहिनीदाहात मात्र ते भित्तीतून पाझरते आणि एरवी नजरेतून सुटणारा दाहही उजळून दिसतो. भारतात मुख्यतः तरुण पुरुषांत आढळणाऱ्या ईल्स रोगात, म्हणजे अशाच एका वाहिनीदाहात, रक्तपुरवठा तुटलेले भाग व नव्या, नाजूक वाहिन्या या चित्रांवरून ओळखता येतात आणि लेसर कोठे द्यायचा ते ठरते. या चाचणीचे खरे मोल येथेच आहे. ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) अँजिओग्राफीला रंगद्रव्य लागत नाही, पण तीत पाझर दिसत नाही. त्यामुळे वाहिनीदाहात ती फ्लुओरेसीन चित्रणाची जागा घेऊ शकत नाही.