मुदतबंद फर्मानाची कुळकथा

नाशिकच्या कचेरीत बसून पेठ किंवा सुरगाण्याच्या राउटरला हुकूम सोडणाऱ्या अभियंत्याची स्थिती मोठी विलक्षण असते. कारण त्याचा हुकूम ज्या वाटेने जातो ती वाटच त्या हुकुमाने बदलावयाची असते, आणि पत्त्यातला एखादा आकडा चुकला की पडद्यावरील अक्षरे जागच्या जागी थिजून, सावळ घाट ओलांडून जाऊन यंत्राची कळ स्वहस्ते दाबण्यावाचून गत्यंतर राहत नाही. या आपत्तीवर रूढ झालेली तोड अशी, की चालू मांडणी सुस्थितीत असताना ती जतन करावी, मग 'रीलोड इन 10' हे फर्मान देऊन ठेवावे आणि त्यानंतरच बदलाला हात घालावा. दहा मिनिटांत 'रीलोड कॅन्सल' म्हणून ते रद्द झाले नाही, तर राउटर आपण होऊन पुन्हा सुरू होतो. डिसेंबर 1984 मध्ये स्थापन झालेल्या सिस्कोच्या राउटरांत चालू मांडणी वीज गेली की पुसली जाणाऱ्या स्मृतीत आणि जतन केलेली मांडणी टिकाऊ स्मृतीत, अशी दोन दप्तरे असतात; म्हणूनच पुनरारंभ हा येथे चुकीवरचा उतारा ठरतो.

हुकूम देणाऱ्याचे मौन हेच संकट मानावे, हा या तजविजीचा गाभा. आणि तो संगणकाहून जुना आहे. नाशिक जिल्ह्याच्या सरहद्दीवर, इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरणारा थळ घाटाचा लोहमार्ग 1865 मध्ये खुला झाला, त्याचा तीव्र उतार सदतिसास एक. या उतारावरील कॅच सायडिंगचा सांधा एरवी मुख्य मार्गाला जोडलेला नसतोच. तो वर चढत जाऊन संपणाऱ्या आडमार्गाकडे वळवलेला असतो. गाडी तेथे पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक चालकाच्या ताब्यात असल्याचे तिने सिद्ध केले, तरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. बेफाम गाडीला काही कळवण्याची सवड नसते, आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवलेली नाही. राउटर घडवणाऱ्यांनी हा घाट पाहिला होता असे मुळीच नव्हे, परंतु दोन्ही तजविजींचे गोत्र एकच.

राउटरांचा साक्षात पूर्वज म्हणजे 1969 मध्ये अमेरिकेच्या अर्पानेट जाळ्यासाठी बीबीएन या संस्थेने हनीवेलच्या संगणकावर उभारलेले 'इम्प' हे यंत्र. त्याच्या आज्ञावलीला एका पहारेकरी घड्याळाकडे वेळोवेळी हजेरी द्यावी लागे. हजेरी चुकली की यंत्र स्वतःस पुन्हा सुरू करी, आणि आज्ञावलीच बिघडली असेल तर शेजारच्या इम्पकडून तिची नक्कल मागवी. शेजारधर्म मात्र प्रत्येक वेळी हितावह नसतो: 27 ऑक्टोबर 1980 रोजी सदोष निरोप एका इम्पकडून दुसऱ्याकडे फिरत राहून सारे जाळे कित्येक तास ठप्प झाले, आणि एकट्यादुकट्या यंत्राला पुन्हा सुरू करून भागण्यासारखे नव्हते, कारण शेजारी तोच निरोप त्याला पुन्हा सुपूर्द करीत.

याच कुळातली, पण अधिक सौम्य शाखा ज्युनिपर या कंपनीच्या राउटरांत दिसते. तेथील 'कमिट कन्फर्म्ड' हा हुकूम, मुदतीत दुजोरा मिळाला नाही तर, यंत्राला न निजवता केवळ मांडणी पूर्वस्थितीला नेतो, आणि त्याचीही मुदत, वेगळी सांगितली नाही तर, दहा मिनिटांचीच असते. पुनरारंभात वाहती रहदारी मिनिट-दोन मिनिटे तरी तुटते. म्हणून माझ्या मते ही रीत निःसंशय श्रेष्ठ होय.

पण जुन्या रीतीत आणखी एक खोच आहे. बदल यशस्वी होतो, मंडळी समाधानाने चहाला उठतात, फर्मान रद्द करावयाचे राहूनच जाते. आणि दहाव्या मिनिटाला राउटर, आपला काही एक अपराध नसताना, आज्ञेबरहुकूम बंद होऊन जुनी मांडणी घेऊन पुन्हा हजर होतो.