एकट्याच्या ऐकण्याचा इतिहास

हेडफोन ही वस्तू मुळात संगीतासाठी जन्मलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दूरध्वनी केंद्रांत जोडणी करून देणाऱ्या कर्मचाऱ्यांना हात मोकळे ठेवून ऐकता यावे म्हणून कानाशी बांधलेले श्रवणयंत्र वापरात आले, आणि पुढे बिनतारी संदेश टिपणाऱ्या जहाजांवरील तारायंत्र्यांनी ते स्वीकारले. दोन्ही ठिकाणी शब्द किंवा संकेत कळला की यंत्राचे काम संपत असे. अशा साधनाचे रूपांतर लाखो रुपये मोजून घेतल्या जाणाऱ्या आणि वर्षानुवर्षे मनात बाळगल्या जाणाऱ्या वस्तूत कसे झाले, याचे उत्तर कारखान्यांच्या इतिहासापेक्षा हौशी माणसांच्या इतिहासात अधिक सापडते. येथे हौशी म्हणजे केवळ गाण्याचा चाहता नव्हे. गाणे कानापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते याचा ज्याला ध्यास लागलेला असतो आणि त्यासाठी जो यंत्र उघडून पाहतो, तार बदलतो, पदरमोड करतो, तो श्रोता.

संगीत कानाला लावून ऐकण्याचा एक प्रयोग मात्र फार लवकर झाला. १८८१ साली पॅरिसमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचावर मायक्रोफोन बसवून तेथील गायन तारांनी प्रदर्शनाच्या दालनांत आणले, आणि प्रत्येक श्रोत्याच्या हाती दोन कानांसाठी दोन स्वतंत्र श्रवणयंत्रे दिली. रंगमंचाच्या वेगवेगळ्या भागांतले आवाज त्या दोहोंतून वेगवेगळे येत असल्यामुळे गायक डावीकडून उजवीकडे सरकल्याचे श्रोत्याला जाणवे. ज्याला पुढे स्टिरिओ म्हणण्यात आले, त्या अनुभवाची ही पहिली जाहीर ओळख होती. १८९० पासून पॅरिसमध्ये थिएट्रोफोन या नावाने आणि १८९५ पासून लंडनमध्ये इलेक्ट्रोफोन या नावाने अशी सेवा वर्गणी घेऊन चालू झाली. लंडनची १९२५ मध्ये आणि पॅरिसची १९३२ मध्ये थांबली. ध्वनी मोठा करणारे यंत्र नसलेल्या त्या काळात दूरचे संगीत ऐकायचे तर ते कानाशी धरण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्यामुळे या श्रोत्यांचे एकटेपण त्यांनी निवडलेले नव्हते.

आधुनिक हेडफोनचा आरंभ अमेरिकेतील यूटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन या एका धडपड्या माणसापाशी येतो. त्याने १९१० साली आपल्या संचाचा नमुना अमेरिकी नौदलाकडे पाठवला. आतल्या चुंबकीय पट्टीवर दोन्ही बाजूंचे ओढे समतोल ठेवून ती अत्यल्प विद्युतप्रवाहानेही हलेल आणि अभ्रकाच्या पातळ पडद्याला हालचाल देईल, अशी त्याची रचना होती. परिणामी तो संच तोवरच्या कोणत्याही श्रवणयंत्रापेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील ठरला. नौदलाने मोठी मागणी नोंदवली तेव्हा बाल्डविनला एका वेळी दहाच संच देता येतील असे कळवावे लागले, कारण तो ते आपल्या स्वयंपाकघरात बसून तयार करत होता. घरातल्या ओट्याशी एकट्याने केलेले काम मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेला मागे टाकते, हा प्रकार या इतिहासात पुढेही घडताना दिसतो.

पहिल्या महायुद्धानंतर रेडिओ घरोघर पोहोचू लागला तो बव्हंशी क्रिस्टल संचाच्या रूपाने. या संचाला वीज लागत नसे. एरियलवर येणाऱ्या लहरींतली जी नगण्य ऊर्जा असेल तीच हेडफोनचा पडदा हलवत असे, आणि म्हणून हेडफोन जितका संवेदनशील तितके दूरचे केंद्र ऐकू येई. संच घरी जुळवता येत असल्याने हजारो तरुण या छंदाकडे वळले, तर कुटुंबातल्या सर्वांना ऐकता यावे म्हणून हेडफोन एखाद्या मोठ्या वाडग्यात ठेवून त्याच्या घुमण्याचा उपयोग करून घेण्याची युक्तीही रूढ झाली. मुंबईचा या पर्वाशी थेट संबंध आहे. बॉम्बे रेडिओ क्लब या हौशी मंडळींच्या संस्थेने जून १९२३ मध्ये येथून प्रक्षेपण केले, आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. अवघ्या दीड किलोवॅट शक्तीचे ते केंद्र क्रिस्टल संचावर फार दूरवर ऐकू येणे शक्य नव्हते. शहरातला आणि आसपासचा श्रोता मात्र कानाला हेडफोन लावून ते ऐकू शकत होता. भारतात प्रक्षेपणाची वाट सरकारच्या आधी हौशी लोकांनी पाडली, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

लाउडस्पीकर आणि व्हॉल्व्हचे रेडिओ आल्यावर घरातला हेडफोन मागे पडला, तरी त्याच सुमारास त्याच्या अंतरंगात मोठा बदल घडत होता. बर्लिनमध्ये १९२४ साली ऑयगेन बायर यांनी स्थापन केलेल्या कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ हा संच आणला. त्यात लाउडस्पीकरप्रमाणेच चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे ठेवलेले असून ते पडद्याला चिकटवलेले होते. वेटोळ्यातून ध्वनीचा विद्युतप्रवाह गेला की ते मागेपुढे होई आणि पडदा हवा हलवी. डायनॅमिक या नावाने ओळखली जाणारी ही रचना आजही बहुसंख्य हेडफोनांत असते. डीटी ४८ चे उत्पादन २०१२ पर्यंत चालू राहिले. ध्वनियंत्रांच्या जगात एखाद्या वस्तूला पंचाहत्तर वर्षांचे आयुष्य लाभणे ही विलक्षण गोष्ट आहे. मात्र तो संच होता ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचा आणि कानांची तपासणी करणाऱ्यांचा, दिवाणखान्यातल्या श्रोत्याचा नव्हे.

दिवाणखान्यात हेडफोन परतला तो अमेरिकेतील मिलवॉकी शहरातून, आणि तोही आडवाटेने. रुग्णालयांतील रुग्णांना दूरचित्रवाणी संच भाड्याने देण्याचा व्यवसाय करणारे जॉन कॉस यांनी मार्टिन लँग या अभियंत्याबरोबर १९५८ साली एक फिरता स्टिरिओ रेकॉर्डप्लेअर तयार केला आणि त्यावरचे संगीत एकट्याने ऐकण्याची सोय दाखवण्यापुरते सोबत हेडफोनही ठेवले. स्टिरिओ ध्वनिमुद्रिका त्याच सुमारास बाजारात आल्या होत्या. एका प्रदर्शनात लोकांनी रेकॉर्डप्लेअरकडे फारसे लक्ष दिले नाही आणि हेडफोनाभोवती गर्दी केली, तेव्हा कॉस यांनी धंद्याची दिशाच बदलली. एसपी/३ हा त्यांचा संच खास संगीत ऐकण्यासाठी विकला गेलेला पहिला स्टिरिओ हेडफोन मानला जातो. या सोयीतून एक नवा प्रश्नही निर्माण झाला. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा थोडा आवाज उजव्या कानालाही पोहोचतो, हेडफोनमध्ये तो पोहोचत नाही, आणि त्यामुळे वाद्ये समोर न भासता डोक्याच्या आत भासतात. बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये एका बाजूचा काही ध्वनी किंचित उशिराने दुसऱ्या बाजूला मिसळणारे विद्युतमंडल मांडले. पुढच्या काळात हौशी लोकांनी ते आपापल्या अँप्लिफायरमध्ये बसवून पाहिले.

जपानमधील स्टॅक्स या कंपनीने १९६० साली विक्रीस आणलेल्या एसआर-१ या संचापासून स्वप्नवत हेडफोनाची कल्पना खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे म्हणता येईल. हा संच स्थिरविद्युत तत्त्वावर चालतो: केसापेक्षाही कितीतरी पातळ असा प्लास्टिकचा पडदा शेकडो व्होल्टच्या दाबाने भारित करून तो दोन सच्छिद्र धातुपत्र्यांच्या मध्ये ताणलेला असतो, आणि ध्वनीचा संकेत त्या पत्र्यांना दिला की संपूर्ण पडदा एकाच वेळी ओढला किंवा ढकलला जातो. पडद्याला वेटोळ्याचे ओझे नसल्याने सतारीच्या जवारीसारखे सूक्ष्म नाद त्यात फार स्वच्छ उमटतात. पण त्यासाठी उच्च दाब पुरवणारे वेगळे यंत्र लागते, आणि तो संच कोणत्याही साध्या रेडिओला जोडता येत नाही. येथून पुढे उत्तम ऐकू इच्छिणाऱ्याला केवळ हेडफोन विकत घेऊन भागेनासे झाले.

१९६८ साली जर्मनीतील सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ आणला आणि अगदी उलट दिशेने तितकीच मोठी उडी घेतली. तोवरचे हेडफोन बंद वाट्यांचे, जड आणि कान घामेजवणारे असत. या संचाच्या वाट्या मागून उघड्या होत्या, कानावर वाटीऐवजी स्पंजाची गादी टेकत होती, आणि पडद्यामागचा ध्वनी बाहेर निसटू दिल्यामुळे आवाजातला कोंडलेपणा गेला. त्याच्या पिवळ्या गाद्या पुढे त्याची ओळखच बनल्या. एचडी ४१४ चे एक कोटीहून अधिक नग विकले गेले. त्याच्या तारा हाताने काढून नव्या लावता येत आणि गाद्या सुट्या मिळत. ही बाब जाहिरातीत मिरवण्यासारखी वाटली नसली, तरी हौशी श्रोत्याच्या दृष्टीने ती ध्वनीइतकीच मोलाची होती.

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ३३,००० येन किमतीला विक्रीस आला, तेव्हा त्याच्यासोबतचा हेडफोन सुमारे ५० ग्रॅम वजनाचा होता, तर त्या वेळचे प्रचलित हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असत. एकट्याने ऐकणे इतरांना शिष्टाचाराला सोडून वाटेल, अशी शंका कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना होती, आणि म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडण्याची सोय व आपसांत बोलण्यासाठी संगीत हळू करणारे एक नारिंगी बटण दिलेले होते. लोकांनी ते बटण फारसे वापरले नाही, आणि नंतरच्या यंत्रांतून ते गेले. पॅरिसच्या थिएट्रोफोनमधले नाइलाजाचे एकटेपण शंभर वर्षांनी आवडीचे झाले होते.

हेडफोन इतका स्वस्त आणि सार्वत्रिक झाल्यावरच त्याचे दुसरे टोक आकाराला आले, हा योगायोग नाही. सोनीनेच १९८९ मध्ये एमडीआर-आर१० हा संच काढला. त्याचा पडदा जिवाणूंनी तयार केलेल्या सेल्युलोजचा होता आणि वाट्या शतकांचे वय असलेल्या केयाकी वृक्षाच्या लाकडातून कोरलेल्या होत्या. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीने त्याच सुमारास के१००० मध्ये कानाला गादी न टेकवता दोन चौकटी कानांपासून दूर उभ्या केल्या, त्या दाराच्या फळीसारख्या हव्या तेवढ्या उघडता येत. १९९१ मध्ये सेनहायझरने ऑर्फियस या नावाने स्थिरविद्युत हेडफोन आणि त्याचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असा जोड केवळ ३०० संचांत बनवला. किंमत बाजूला ठेवून काय साधता येते, याचे ते प्रात्यक्षिक होते. बहुतेक हौशींनी तो केवळ छायाचित्रांत पाहिला, आणि तरीही त्याच्याविषयी एकेक तपशील पाठ केला.

१९९० च्या दशकात सामान्य हौशीचा प्रवासही एका ठरावीक वाटेने होऊ लागला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये घड्याळजी जोसेफ ग्रॅडो यांनी १९५३ मध्ये घरच्या टेबलावर पिनांचे कार्ट्रिज बनवून सुरू केलेल्या कुटुंबाच्या कंपनीने आणलेला एसआर६० हा स्वस्त संच अनेकांची पहिली पायरी ठरला. त्यानंतर सेनहायझरचा एचडी ५८० किंवा १९९७ मध्ये आलेला एचडी ६०० येई, आणि तेथे अडचण उभी राही. त्यांचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा, ३०० ओहम इतका असल्यामुळे खिशातल्या यंत्रावर त्यांचा आवाज दबका आणि पोकळ लागे. उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस सीमॉय हा छोटा अँप्लिफायर हौशींत पसरला. एक चिप, मोजके रोधक आणि धारित्रे, आवाज कमी-जास्त करणारा एक पोटेन्शिओमीटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढे सर्व पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मावत असे. डबीला भोके पाडताना पत्रा वाकू नये म्हणून आत लाकडाचा तुकडा धरणे आणि जोडणी पत्र्याला टेकून लघुपरिपथ होऊ नये म्हणून तळाशी पुठ्ठा घालणे, अशा बारकाव्यांची शिकवण एकाकडून दुसऱ्याकडे जाई. अनेकांनी आयुष्यातले पहिले सोल्डरिंग याच डबीवर केले.

पुढची पायरी हेडफोनच उघडण्याची होती. यामाहाने १९७६ मध्ये मारिओ बेल्लिनी यांच्याकडून आकार देऊन घेतलेल्या एचपी-१ मध्ये पातळ पडद्यावरच वाहकाची नक्षी उमटवून तो सपाट चुंबकांच्या मध्ये ठेवलेला होता. अशाच तत्त्वावर फॉस्टेक्सचा टी५० मालिकेतला स्टुडिओतला दणकट संच चालत असे. तो स्वस्त होता, पण त्याचा मूळचा ध्वनी कोरडा होता. हौशींनी त्याच्या वाट्या उघडून आत नमदा, कापूस आणि खेळण्यातली माती भरली, हवा जाण्याची भोके अर्धवट बुजवली, गाद्या बदलल्या, आणि प्रत्येक बदलानंतर तोच राग, तीच पट्टी पुन्हापुन्हा ऐकून पाहावी तसे तेच ध्वनिमुद्रण ऐकून तुलना केली. या खटपटीतून अमेरिकेत डॅन क्लार्क यांच्यासारखे काही जण स्वतः निर्माते झाले. बाल्डविनचे स्वयंपाकघर येथे पुन्हा उघडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

या प्रवासातली सर्वांत अवघड बाब म्हणजे किंमत आणि ध्वनी यांचे नाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात येरोन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांचा प्रतिसाद, म्हणजे खालच्या ते वरच्या स्वरांपर्यंत कोणता स्वर किती जोराने येतो याची नोंद, तपासली, आणि किमतीशी त्याचा संबंध आढळला नाही. त्याआधी शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हरमन कंपनीच्या प्रयोगशाळेत बऱ्याच श्रोत्यांना कोणता प्रतिसाद भावतो हे शोधून त्याचे एक आदर्श वळण मांडले होते. या शोधांनी हौशींच्या जगात वाद माजले, ते स्वाभाविकच होते. पण त्यांनी एक मोलाचे काम केले, ते म्हणजे महाग संचाच्या मोहाला तपासण्याचे माप सामान्य श्रोत्याच्या हाती दिले. कानाच्या पाळीचा आकार माणसागणिक वेगळा असल्याने तेच यंत्र दोघांना वेगळे ऐकू येते, हे मात्र कोणतेही माप पुसून टाकत नाही.

सेनहायझरने २०१५ मध्ये ऑर्फियसचा वारस एचई १ जाहीर केला. संगमरवराच्या पेटीतून वर येणाऱ्या व्हॉल्व्हसह त्याची किंमत सुमारे ५०,००० युरो होती. एकेजीचा व्हिएन्नातला विभाग २०१७ मध्ये बंद झाला, आणि तेथल्या काही अभियंत्यांनी ऑस्ट्रियन ऑडिओ ही नवी संस्था काढली. सेनहायझरचा घरगुती ध्वनियंत्रांचा विभागही सोनोव्हा या स्विस कंपनीला विकला गेला. एचडी ६०० मात्र अजूनही तयार होतो, आणि त्याच्या गाद्या, तार, जाळ्या, डोक्यावरचा स्पंज कोणत्याही अवजाराशिवाय काढता-घालता येतात. एचडी ५८० ज्याच्याकडे आहे त्याला नंतरच्या एचडी ६५० ची तार आणि गादी त्यावर बसवता येते, म्हणून १९९० च्या दशकात घेतलेले संच नव्या तारांसह आजही रोजच्या वापरात आहेत.