नगरच्या किल्ल्यातला पांढऱ्या चमेलीचा चहा

आमच्या टीममध्ये सध्या एक नवीन प्रकार सुरू झालाय. सकाळच्या मीटिंगआधी रोज एक प्रश्न. आवडता पदार्थ कोणता, लहानपणी काय जमवायचात, वगैरे. परवाचा प्रश्न होता, "तुमचा छंद कोणता?" मी पटकन "रीडिंग अँड म्युझिक" म्हणून मोकळा झालो. कॅम्पस इंटरव्ह्यूला रेझ्युमेत हेच लिहिलं होतं, आणि मित्राच्या रेझ्युमेतून कॉपी केलं होतं. नंतर दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. कामाच्या गर्दीत असले प्रश्न कोण विचारतं, असं म्हणून मी विषय सोडून देणार होतो. पण मी पडलो नगरचा (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं), त्यामुळे किल्ला आठवला.

भिंगारला जाता-येता हा किल्ला लहानपणापासून बघतोय. तो लष्कराच्या ताब्यात आहे. शाळेत त्याबद्दल दोन ओळी पाठ केल्या होत्या. चांदबिबीने किल्ला लढवला आणि नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. पेपरात दोन मार्क. पण त्या तुरुंगात बाकीचे लोक दिवसभर काय करायचे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. ९ च्या पहाटे धरपकड. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि काँग्रेस कार्यकारिणीचे १२ जण नगरच्या किल्ल्यात आले. आझाद, नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, असफ अली, नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि आपले शंकरराव देव. सुरुवातीला पत्रं बंद, वर्तमानपत्रं बंद. किती दिवस राहायचं ते माहीत नाही. अशा ठिकाणी माणसाकडे उरतं काय? तर स्वतःच्या आवडीनिवडी.

नेहरूंनी बागकाम काढलं. जमीन कसली, दगडविटांचा नुसता राडा! जुन्या इमारतींचे अवशेष निघायचे खणताना. तरी त्यांनी वाफे केले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत पुस्तक हातावेगळं केलं आणि ते या किल्ल्यातल्या सोबत्यांना अर्पण केलं. पट्टाभि डायरी लिहायचे, तिचं पुढे पुस्तक झालं. महताबांनी ओडिशाच्या इतिहासावर काम केलं.

पण मला सगळ्यात भावले ते मौलाना आझाद. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा तेच होते. हा माणूस पहाटे तीन-चारला उठायचा, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि घोट घेत पत्र लिहायला बसायचा. पत्रं कुणाला? आपले मित्र मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना. ती पाठवता येणार नव्हती, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. मला उर्दू लिपी येत नाही. नागरीतली प्रत, शेजारी डिक्शनरी, असं करत दोन वीकएंड घालवले.

आणि पत्रात राजकारण जवळपास नाहीच! काय आहे, तर चहा. चिनी, पांढऱ्या चमेलीचा, दुधाशिवाय. दूध घालून आपण चहाची वाट लावली, असं त्यांचं ठाम मत. (माळीवाडा स्टँडवरचा आमचा उकळलेला गोड चहा त्यांना कुणी पाजला नाही हे बरंच झालं.) मार्च १९४३ मध्ये पत्रं आहेत चिमण्यांवर. खोलीत घरटी बांधून कचरा करायच्या. आधी त्यांच्याशी रीतसर युद्ध, मग हार, मग तह. तांदळाचे दाणे टाकून त्यांना हातावर येईपर्यंत माणसाळवलं आणि नावं ठेवली. एक मोती, एक कलंदर.

इथे तुम्ही म्हणाल, बाहेर देश पेटलाय आणि हे चिमण्या काय मोजतायत? मलाही आधी तसंच वाटलं. पण पुढचं पत्र वाचलं आणि गप्प झालो.

कलकत्त्याला त्यांची पत्नी झुलेखा बेगम आजारी होती. सरकारकडे अर्ज केला तर सुटकेचं बघता येईल, असं सुचवण्यात आलं. त्यांनी सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. ९ एप्रिल १९४३ ला त्या गेल्या. चिमण्यांच्या पत्रांना महिनाही झाला नव्हता. ११ एप्रिलच्या पत्रात ते कबूल करतात की त्या दिवसांत ठरल्या वेळी जेवायला बसणं, शांत दिसणं हे सगळं वरवरचं होतं, त्यासाठी मनाशी झगडावं लागत होतं. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. तिच्याकडे आता नजर वेगळी जाते, असंही लिहिलंय.

म्हणजे चहा आणि चिमण्या ही पळवाट नव्हती. त्याच सवयीने, त्याच मित्राला, रोजचं साधं काहीतरी सांगत आलेला माणूस होता, म्हणून सगळ्यात अवघड गोष्टही त्याला त्याच कागदावर सांगता आली. मला तरी असं वाटतं. आणि सप्टेंबर १९४३ मध्ये तोच माणूस संगीतावर लिहितो. तरुणपणी सतार शिकलो, चांदण्या रात्री ताजमहालात बसून वाजवली, हे सांगतो. पीराच्या घरातला मुलगा आणि सतार! बरोबरच्या कितीजणांना हे माहीत असेल?

असो. परवा मी टीमला खोटं सांगितलं होतं. काल प्रश्न दुसराच होता, पण मी जुन्याचं उत्तर दिलं. मला एसटीवर लिहिलेली आगारांची नावं वाचायचा नाद आहे. शाळा सुटली की मी माळीवाडा स्टँडवर उभा राहायचो. नगर म्हणजे चहूकडचे रस्ते एकत्र येणारं गाव, त्यामुळे चोपडा, गेवराई, शेवगाव, कुठली कुठली गाडी यायची. वहीत लिहून ठेवायचो. वही आईने रद्दीत घातली, पण पुण्यात सिग्नलला थांबलो की अजून मान वळते.

सगळे हसले. मग आमची टेस्टर, जी कॉलवर कधी बोलत नाही, ती म्हणाली, "माझे बाबा गेवराई आगारात ड्रायव्हर होते." कॉल त्या दिवशी दहा मिनिटं लांबला.