नेपाळ यात्रेला निघताय? कागद, जेवण, दर्शन आणि रस्ता, आधी हे वाचा

भडगाव : श्रावण लागला की तालुक्यातल्या गावागावांत पशुपतिनाथ-मुक्तिनाथाच्या यात्रेचं बोलणं सुरू होतं. निंदणी-खुरपणी उरकलेली असते, कापूस वेचणीला वेळ असतो, महिना महादेवाचा. पण नेपाळच्या डोंगरी रस्त्यांसाठी हाच काळ सगळ्यात वाईट. 23 ऑगस्ट 2024 रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी भाविकांची बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि 27 जणांचा जीव गेला. बसमध्ये आपल्याच जिल्ह्यातले, वरणगाव परिसरातले भाविक होते. त्याच्या महिनाभर आधी दरड कोसळून दोन बसेस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या.

म्हणून जमलं तर दिवाळीनंतर किंवा गहू-हरभरा निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये जावं. श्रावणातच जायचं असेल तर डोंगरातला प्रवास फक्त दिवसा, असं सहल नेणाऱ्याकडून आधीच कबूल करून घ्यावं. एक दिवस वाचवायला रात्री गाडी पळवणारा नियोजक नकोच.

जळगाव किंवा भुसावळहून रेल्वेने गोरखपूर आणि तिथून सुनौली सीमा, ही नेहमीची वाट. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड हवं. नुसत्या आधारवर निघू नये. 65 वर्षांपुढच्या आणि 15 वर्षांखालच्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं, तरी आजी-आजोबांचं मतदार कार्ड पिशवीत असू द्या. भारतीय सिम रोमिंगशिवाय चालत नाही. गटात दोघांनी तरी तिथलं सिम घ्यावं. पोलिसांचा नंबर तिथेही 100, पर्यटक पोलिसांचा 1144.

आपले 100 रुपये म्हणजे तिथले 160. दुकानदार भाव सांगतो तेव्हा “आयसी की एनसी?” विचारावं, म्हणजे भारतीय की नेपाळी. न विचारल्यास दीडपटीहून जास्त पैसे जातात. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, शंभराच्या नोटा जास्त ठेवाव्यात.

जेवणात दोन्ही वेळा डाळ-भात-तरकारी. पोळी मोठ्या गावांत मिळते, भाकरी विसरा. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पापड सोबत असले की पहिले दिवस निभावतात. एक शब्द मात्र लक्षात ठेवा: नेपाळीत ‘मासु’ म्हणजे मासा नव्हे, मांस. मोमोमध्ये बऱ्याचदा म्हशीचं मांस असतं, तेव्हा “शाकाहारी” असं स्पष्ट सांगूनच घ्यावं. माळकऱ्यांनी कांदा-लसूण नको हेही आधी सांगावं. एकादशी-सोमवारसाठी साबुदाणा, भगर घरूनच न्यावी. गरम पाण्याला ‘तातो पानी’ म्हणतात.

पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश. चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवावं लागतं, आत फोटो काढता येत नाही. पूजा दक्षिण भारतातून आलेले भट्ट पुजारी करतात. पिंडीला हात लावून अभिषेक करायला मिळेल ही आशा धरू नये, चारही दारांतून दर्शन होतं. अभिषेकाचे पैसे काउंटरवर भरून पावती घ्यावी. शेजारी बागमतीच्या आर्यघाटावर चिता जळत असतात, तिथे मोबाईल खिशात ठेवावा. मनकामनेला केबल कारने जाता येतं, पण तिथे बकऱ्या-कोंबड्यांचा बळी देतात, हे माहीत असलेलं बरं.

मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर आहे. हवा विरळ; डोकं दुखणं, मळमळ, दम लागणं सुरू होतं. पोखऱ्याहून थेट वर न जाता एक मुक्काम जोमसोमला करावा. तिथल्या 108 धारांचं पाणी बर्फासारखं असतं. सगळ्या धारांखालून पळत जायची चढाओढ लागते, पण बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डोक्यावर पाणी शिंपडून घ्यावं. गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवाव्यात, डॉक्टरची चिठ्ठीही. आणि वर गेल्यावर दम वाढत असेल तर दर्शनाची वाट न पाहता लगेच खाली उतरावं.