मैदान आणि मैदानावरचा माणूस

"गवतावर चालूं नये" ही पाटी ज्यानें पाहिली नाहीं असा शहरवासी विरळा. बागेंत शिरतांच ती दृष्टीस पडते, आणि बरोबर लहान मूल असल्यास तें पाटीपाशीं थबकून वडिलांच्या तोंडाकडे पाहूं लागतें. वडील म्हणतात, "बाळ, बाग पाहावयाची असते, तुडवावयाची नसते." या उत्तरानें मुलाचें समाधान होत नाहीं, आणि थोडा विचार केला तर आपलेंही होऊं नये. नगरोद्यान हें डोळ्यांसाठीं कीं पायांसाठीं, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटतो. परंतु न्यूयॉर्क शहरांत त्यावर पन्नास वर्षें वाद चालला, आणि त्या वादांत एका सज्जनाचें मन पोळून निघालें. त्या गृहस्थांचें नांव चार्ल्स स्टोव्हर. आपल्याकडील वाचकांस तें अपरिचित असेल. त्यांच्या स्वतःच्या शहरांतही तें आज थोड्यांच्याच स्मरणांत आहे. तथापि शहरांतील क्रीडांगण, त्यावर मुलांस खेळविणारा पगारी माणूस, आणि त्या माणसाचा पगार देणारी नगरपालिका, ही सारी व्यवस्था कशी जन्मास आली हें समजून घ्यावयाचें असेल तर त्यांची गोष्ट सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं.

या कथेचा आरंभ सेंट्रल पार्कपासून करणें सोयीचें होईल. १८५८ सालीं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांचा आराखडा न्यूयॉर्कच्या नगरपित्यांनीं पसंत केला. ओल्मस्टेड हे थोर दृष्टीचे पुरुष होते. गर्दीनें शिणलेल्या माणसास वृक्षराजी, तळीं आणि दूरवर पसरलेली कुरणें नुसतीं पाहावयास मिळालीं, तर त्याच्या मनाचा शीण आपोआप उतरेल, अशी त्यांची श्रद्धा होती. ही श्रद्धा खोटी होती असें कोण म्हणेल? परंतु तिच्या पोटीं एक अडचण दडलेली होती. देखावा राखावयाचा म्हणजे त्यांत धांवणाऱ्या पायांस आवर घालणें आलें. आरंभींच्या काळांत शाळकरी मुलांस त्या उद्यानांत चेंडू खेळावयाचा झाल्यास शाळेंतून चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी आणावी लागे. शाळा सोडून कारखान्यांत राबणाऱ्या मुलानें ही चिठ्ठी कोठून आणावी, याचा विचार कोणाच्या मनांत आला नसावा.

आणि अशीं मुलें त्या शहरांत हजारों होतीं. शहराच्या दक्षिण टोंकास लोअर ईस्ट साइड म्हणून जो भाग आहे, तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपांतील यहुदी, इटालियन आणि इतर देशांतरित कुटुंबें चाळींतून दाटीवाटीनें राहत. खोल्यांना उजेड नाहीं, इमारतींना अंगण नाहीं. मुलांस खेळावयास एकच जागा, ती म्हणजे रस्ता. आणि रस्त्यावर खेळणें हा कायद्यानें अपराध. सेंट्रल पार्क तेथून इतकें दूर होतें कीं, लहान मुलाच्या दृष्टीनें तें दुसऱ्या गांवीं असल्यासारखेंच होतें.

जेकब रीस या डेन्मार्कहून आलेल्या पत्रकारानें या चाळींचें चित्र जगापुढें मांडलें. त्याच्या खटपटीनें मलबेरी बेंड येथील अत्यंत घाणेरड्या चाळी पाडल्या गेल्या, आणि १८९७ सालीं तेथें उद्यान झालें. तें तयार होत असतां रीस एके दिवशीं मोठ्या कौतुकानें तेथील हिरवळीवर पाऊल टाकता झाला. तोंच मागून पोलिसाची काठी त्याच्या पाठीवर बसली आणि गवतावरून चालतें होण्याचा हुकूम सुटला! रीसनें ही हकीकत स्वतःच लिहून ठेविली आहे, आणि तीहि हंसत हंसत. परंतु तींतील मर्म विनोदाहून खोल आहे. ज्याच्या श्रमानें गवत उगवलें त्यासहि त्यावर चालण्याची मुभा नव्हती. जागा मिळाली म्हणजे काम संपलें असें नाहीं, हा धडा त्या काठीनें शिकविला.

दुसरा धडा बॉस्टन शहरांत, पण अधिक मृदुपणें, मिळाला होता. मेरी झाक्रझेव्स्का नांवाच्या एका विदुषी डॉक्टरांनीं बर्लिनच्या उद्यानांत मुलें वाळूच्या ढिगाऱ्यांवर खेळतांना पाहिलीं, आणि ती कल्पना आपल्या शहरीं कळविली. १८८५ च्या उन्हाळ्यांत बॉस्टनमधील परोपकारी स्त्रियांच्या एका संस्थेनें एका प्रार्थनामंदिराच्या अंगणांत वाळू ओतविली. मुलें आलीं, लांकडी फावड्यांनीं उकरूं लागलीं, वाळूचीं घरें आणि पक्वान्नें करूं लागलीं. इतकें झाल्यावर त्या स्त्रियांच्या एक गोष्ट लक्षांत आली. वाळू एकदां टाकली म्हणजे ती तेथेंच राहते. परंतु मुलांचा खेळ तसा राहत नाहीं. दांडगा मुलगा दुबळ्यास हांकलून देतो, लहानगी रडत कोपऱ्यांत बसते, आणि चार दिवसांनीं तें अंगण ओस पडतें किंवा आखाडा बनतें. यासाठीं आरंभीं हौसेनें येणाऱ्या बायकांनीं देखरेख केली. पुढें दोनच वर्षांत त्या कामासाठीं पगारी बायका नेमण्यांत आल्या. त्यांची नांवें इतिहासास ठाऊक नाहींत. परंतु आज जगांतील अनेक नगरपालिका जो क्रीडा-मार्गदर्शक नेमतात, त्याची कुळकथा या बायकांपाशीं येऊन पोंचते.

आतां स्टोव्हर यांजकडे वळूं. त्यांचा जन्म पेनसिल्व्हेनियांत १८६१ सालीं झाला. धर्मोपदेशक होण्याचें शिक्षण त्यांनीं घेतलें. परंतु व्यासपीठावर न चढतां ते ईस्ट साइडच्या चाळींत राहावयास गेले. १८८६ सालीं स्टँटन कॉइट यांनीं तेथें 'नेबरहूड गिल्ड' ही संस्था स्थापिली होती. सुशिक्षितांनीं गरिबांच्या वस्तींत शेजारी म्हणून राहावें, हें तिचें तत्त्व. कॉइट लवकरच इंग्लंडास गेले, आणि स्टोव्हर मागें राहिले. ते अविवाहित होते. चळवळ करणारे पुष्कळ असतात. परंतु ज्यांच्यासाठीं चळवळ करावयाची त्यांच्याच जिन्यानें रोज वर चढणारे थोडे. स्टोव्हर त्या थोड्यांपैकीं होते.

१८९८ सालीं लिलियन वॉल्ड या सेवाव्रती परिचारिकेच्या साह्यानें त्यांनीं मोकळ्या हवेंतील खेळांसाठीं एक संघ काढला. त्या संघाची युक्ति साधी पण मोठी धोरणी होती. नगरपालिकेनें उद्यानासाठीं घेऊन ठेविलेल्या, परंतु पडीक असलेल्या जागा मागावयाच्या, वर्गणीच्या पैशानें तेथें झोंपाळे, कसरतीचीं साधनें आणि एखादा शिक्षक ठेवावयाचा, आणि मुलांची गर्दी झाली कीं नगरपालिकेस म्हणावयाचें, "पाहा, हें तुमचें काम आम्हीं केलें, आतां तें तुम्हीं चालवा." चार वर्षांत अशीं नऊ क्रीडांगणें उभीं राहिलीं, आणि १९०२ सालीं तीं शहरानें आपल्याकडे घेतलीं. त्याच्या पुढील वर्षीं, १७ ऑक्टोबर १९०३ रोजीं, सीवर्ड पार्क येथें नगरपालिकेनें स्वतः बांधलेलें क्रीडांगण उघडलें. अमेरिकेंत नगरपालिकेनें कायमचें म्हणून बांधलेलें तें पहिलें क्रीडांगण समजतात. त्या दिवशीं हजारों मुलें लोटलीं. आंत धांवण्याची वाट होती, कसरतीचीं साधनें होतीं, मुलांनीं लावावयाची बाग होती. बाजूस एक दगडी मंडप असून त्यांत स्नानगृहें होतीं. आणि तान्हीं मुलें घेऊन येणाऱ्या आयांसाठीं झुलत्या खुर्च्या मांडल्या होत्या. या खुर्च्यांचा उल्लेख मुद्दाम केला. कारण त्या ज्यानें सुचविल्या त्यानें चाळींतील बायकांची पाठ दिवसअखेर कशी दुखते हें जवळून पाहिलें असलें पाहिजे.

लवकरच या कामास शास्त्राचें रूप आलें. १९०६ सालीं वॉशिंग्टन येथें क्रीडांगणांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली; ल्यूथर ग्यूलिक तिचे अध्यक्ष, आणि शिकागोच्या सुप्रसिद्ध जेन अॅडम्स उपाध्यक्ष झाल्या. १९०९ सालीं त्या संस्थेनें क्रीडा-मार्गदर्शकांसाठीं रीतसर अभ्यासक्रम आंखला. मुलास कोणत्या वयांत कोणता खेळ रुचतो, संघ कसे पाडावे, भांडण कसें मिटवावें, गोष्ट कशी सांगावी, मुलींस लोकनृत्यें कशीं शिकवावीं, पाऊस आला तर काय करावें, या साऱ्या गोष्टी आतां विद्येचा विषय झाल्या.

येथें एक आक्षेप वाचकांच्या मनांत येईल, आणि तो रास्त आहे. खेळ म्हणजे मोकळीक. तीवर देखरेख आली कीं तो खेळ राहिला कोठें? त्या काळच्या कित्येक सुधारकांच्या मनांत परदेशीयांच्या मुलांस 'चांगले अमेरिकन' बनविण्याचा हेतु उघडपणें होता, आणि त्यांस मुलांच्या आनंदापेक्षां शिस्तीची काळजी अधिक होती. मुलांनींहि आपलें मत पायांनीं दिलें. क्रीडांगण शेजारीं असतांहि कित्येक मुलें रस्त्यावरच खेळत राहिलीं. उत्तम मार्गदर्शक तोच कीं जो खेळ सुरू करून देतो आणि मग हळूच बाजूस सरतो. परंतु ही कला अभ्यासक्रमांत बसविणें कठीण.

१९१० सालीं महापौर गेनर यांनीं स्टोव्हर यांस उद्यान-खात्याचे कमिशनर नेमलें. बाहेरून दार ठोठावणारा मनुष्य आतां आंत बसला. त्यांनीं खात्यांत करमणुकीचा स्वतंत्र विभाग काढला. म्हणजे माळी, गवंडी आणि पहारेकरी यांच्या हजेरीपटावर आतां खेळ शिकविणाराहि आला. सेंट्रल पार्कच्या हिरवळी त्यांनीं मुलांच्या खेळास अधिक मोकळ्या केल्या. यावर मोठें काहूर उठलें. वृक्षांची हेळसांड होते, गवत मरतें, ओल्मस्टेडची कलाकृति धुळीस मिळते, असे आरोप झाले. ओल्मस्टेडच्या परंपरेंतील उद्यानशिल्पी सॅम्युएल पार्सन्स यांजशीं त्यांचें बिनसलें, आणि पार्सन्स यांस जावें लागलें. आरोप सर्वस्वीं खोटे नव्हते. स्टोव्हर यांस मुलें कळत. झाडें आणि हिशेब तितके कळत नसावेत. एका विश्वासाच्या बळावर माणूस चळवळ उभी करूं शकतो; परंतु खातें चालवावयास एक विश्वास पुरत नाहीं.

१९१३ च्या सप्टेंबरांत त्यांचे पाठीराखे महापौर गेनर वारले. ऑक्टोबरच्या मध्यास एके दिवशीं स्टोव्हर दुपारच्या जेवणास म्हणून कचेरींतून बाहेर पडले, ते परत आलेच नाहींत. सर्व देशभर शोध झाला. चलच्चित्रगृहांतून त्यांची छबी दाखविण्यांत आली. नोव्हेंबरच्या अखेरीस सिनसिनाटीहून टपालानें त्यांचा राजीनामा आला. पुढें काहीं आठवड्यांनीं ते आपण होऊन परतले. पण कचेरींत नव्हे, ईस्ट साइडच्या त्याच जुन्या संस्थेंत. उरलेलें आयुष्य त्यांनीं तिच्या मुलांच्या उन्हाळी शिबिराची व्यवस्था पाहण्यांत घालविलें, आणि १९२९ सालीं ते निवर्तले. १९३६ सालीं सेंट्रल पार्कमध्यें त्यांच्या स्मरणार्थ एक दगडी बांक बसविण्यांत आला. ज्या उद्यानाची नासाडी केल्याचा ठपका आला, त्याच उद्यानांत त्यांस हें स्थान मिळालें.

या चळवळीचें यशच तेवढें सांगितलें तर इतिहासाशीं प्रतारणा होईल. ज्या शिकागो शहराचीं क्रीडांगणें देशांत आदर्श गणलीं जात, त्याच शहरांत २७ जुलै १९१९ रोजीं सरोवराच्या कांठीं एक कृष्णवर्णीय मुलगा पोहत असतां गोऱ्यांच्या मानलेल्या पाण्यांत वाहत गेला. कांठावरून दगड आले, आणि मुलगा बुडाला. त्यानंतरच्या दंग्यांत ३८ माणसें मेलीं. पाण्यावर रेघ कोणीं आंखली नव्हती. ती मनांत होती. चौकशी-आयोगानें १९२२ सालीं जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत शहरांतील उद्यानांचा व समुद्रकिनाऱ्यासारख्या त्या सरोवरतीरांचा विचार आहे. आणि तेथील अधिकारी निःपक्षपाती असला तर दोन्ही वर्णांचीं माणसें एकत्र नांदतात, तो पक्षपाती असला तर तंटे वाढतात, असाच त्याचा एकंदर रोख आहे. म्हणजे मैदानावरचा माणूस जसा तारक, तसाच तो मारकहि होऊं शकतो.

या प्रवाहाचा एक ओघ मुंबईसहि येऊन मिळाला आहे. शिकागोंत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट हे १९२५ सालीं अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले, आणि लवकरच त्यांनीं नागपाड्यांत 'नेबरहूड हाउस' उघडलें. नांवांतील 'शेजार' तोच, आणि तत्त्वहि तेंच. १९३६ सालीं समाजकार्याचें शिक्षण देणारी जी टाटांची संस्था निघाली, तिचे मॅन्शार्ट हे पहिले संचालक. तिचे आरंभींचे वर्ग त्या नागपाड्याच्या घरींच भरत. आणखी एक योगायोग पाहा. ज्या ग्यूलिक यांचा वर उल्लेख आला, त्यांच्याच सांगण्यावरून जेम्स नेस्मिथ यांनीं १८९१ सालीं बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. आणि नागपाडा हें आज मुंबईंत त्याच खेळाचें माहेरघर म्हणून ओळखलें जातें.

अर्थात् आपल्याकडे हा विचार सर्वस्वीं परका नव्हता. १९२५ सालीं मुंबईच्या नगरपालिकेनें माहीमचें मैदान लोकांस खुलें केलें. दोन वर्षांनीं त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. त्या मैदानाच्या कडेस समर्थ व्यायाम मंदिर उभें आहे, आणि मल्लखांबावर चढणारीं मुलें तेथें अजून दिसतात. त्या मुलांस चढविणारा कोणी तरी खालीं उभा असतो; त्याचा हात मुलास लागत नाहीं, परंतु डोळा मुलावरून हलत नाहीं. आपल्या तालमीच्या वस्तादास जें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें, तें न्यूयॉर्कच्या नगरपालिकेस ठराव करून शिकावें लागलें.

आज आपल्या शहरांत मोकळ्या जागेसाठीं ज्या झुंजी चालतात, त्या आवश्यकच आहेत. परंतु जागा राखली म्हणजे जिंकलों, असें मानण्याचा मोह त्यांत असतो. रीसच्या पाठीवरची काठी आणि बॉस्टनच्या वाळूकांठच्या त्या अनाम बायका आपणांस निराळें सांगतात. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत कुंपणास, कारंज्यास आणि पाटीस पैसे निघतात. संध्याकाळीं चार ते सात मुलांमध्यें उभें राहणाऱ्या माणसाच्या पगारासाठीं मात्र सहसा तरतूद नसते. पुढल्या खेपेस बागेंत तें मूल पाटीपाशीं थबकेल, तेव्हां त्यास उत्तर देण्यापूर्वीं आपण इकडेतिकडे पाहावें, आणि त्यास हांक मारून खेळांत घेणारें कोणी तेथें आहे कीं नाहीं, हें आधीं शोधावें.