औंधचे स्वराज्य

परका गेला की स्वातंत्र्य आले, हे मुलांना चटकन उमगते. स्वराज्य म्हणजे काय, हे सांगताना मात्र मी त्यांना औंधला नेतो. साताऱ्याकडचे हे चिमुकले संस्थान; गावे जेमतेम बहात्तर, तीही विखुरलेली. सूर्यनमस्कारांचे वेड घेतलेले भवानराव पंतप्रतिनिधी तेथील राजे. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती दिली! मसुद्याला सल्ला गांधीजींचा. त्यासाठी खपले राजपुत्र अप्पासाहेब आणि पोलंडचे मॉरिस फ्रिडमन. गावाने पाच पंच निवडायचे आणि पंचांनी गावचा कारभार पाहायचा, तंटेही तोडायचे. कोर्टाची पायरी चढून जोडे झिजविलेल्या कुणब्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. आटपाडीजवळ तर 'स्वतंत्रपूर' हा बिनभिंतींचा तुरुंग वसला. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ'ची प्रेरणा तीच.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४८ साली औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरण हवेच होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यात औंधची ही घटनाही संपली, याची चुटपुट लागते. पंचायतींना भारताच्या घटनेत हक्काची जागा मिळाली ती १९९३ साली. औंधच्या मागून चोपन्न वर्षांनी.