वाचा नसलेली कल्पना : स्वमग्न बाल-लेखकांच्या कथालेखनाचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

'ऑटिझम' या अवस्थेसाठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द आता रूढ झाला आहे. अशा विद्यार्थ्याविषयी शिक्षकवर्गात दोन विधाने हमखास ऐकू येतात. एक, 'तो आपल्याच कल्पनेच्या जगात असतो.' दुसरे, 'त्याला कल्पना करताच येत नाही. निबंध, गोष्ट असले काही त्याला देऊ नये.' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. तरीही दोन्ही विधानांना वेगवेगळ्या काळात वैद्यकशास्त्राचा आधार होता. हा बदल कसा झाला आणि स्वमग्न मुलांनी स्वतः लिहिलेल्या कथांनी त्याला कोणते उत्तर दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण कर्नाटकातच घडलेले असल्याने बेळगाव-निपाणी परिसरातील शिक्षकांना ते जवळचे वाटावे.

एका शब्दाचा प्रवास

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी प्रचारात आणला. त्याचे मूळ 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. ब्लॉयलर यांनी तो बालकांसाठी योजला नव्हता. बाह्य वास्तवापासून दूर जाऊन मनोराज्यात रमणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी तो वापरला. म्हणजे मूळ अर्थ कल्पनेच्या अभावाचा नव्हता, अतिरेकाचा होता.

1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि 1944 साली व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांचा प्रबंध आला. तेव्हापासून हा शब्द बालकांशी जोडला गेला. पुढे लंडनच्या कॅम्बरवेल भागात लोर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड यांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष 1979 साली प्रसिद्ध झाले. त्यांनी सामाजिक व्यवहार, संवाद आणि कल्पनाशक्ती या तीन क्षेत्रांतील उणिवांचे त्रिकूट मांडले. सत्तर वर्षांच्या आत शब्दाचा अर्थ उलट झाला. कल्पनेचा अतिरेक दाखविणारा शब्द आता तिच्या उणिवेकडे बोट दाखवू लागला.

विंग यांच्या कार्याचे मोल यामुळे कमी होत नाही. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या आणि त्यांच्या पाहणीमुळे असंख्य मुलांना मदतीचा मार्ग खुला झाला. परंतु कल्पनाशक्तीचे मोजमाप कसे होत होते, हे पाहणे आवश्यक आहे. मूल बाहुलीला जेवू घालते काय, ठोकळ्याची मोटार करते काय, विचारल्यावर गोष्ट सांगते काय, अशा खुणांवर ते अवलंबून होते. 1999 साली क्रेग व बॅरन-कोहेन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही स्वमग्न मुलांच्या कल्पना संख्येने कमी व वास्तवाकडे झुकलेल्या आढळल्या. ज्या मुलाचे हात, जीभ व लक्ष त्याच्या हुकमतीत नाहीत, त्याने अशा चाचणीत काय दाखवावे, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला.

म्हैसूरचा मुलगा

या प्रश्नाचे उत्तर पुढे आले ते टिटो राजर्षी मुखोपाध्याय या मुलाकडून. त्याचा जन्म 1989 सालचा. घरची भाषा बंगाली, बालपण म्हैसूर व बेंगळूर येथील, म्हणजे अवतीभवती कन्नड, आणि लेखन इंग्रजीत. त्याला स्पष्ट बोलता येत नव्हते. शरीर सतत हलत असे आणि एका जागी बसणे कठीण जाई. त्याची आई सोमा मुखोपाध्याय यांनी त्याला आधी अंक व मुळाक्षरे बोटाने दाखवावयास शिकविले. पुढे बोटांत पेन्सिल ठरत नसल्याने ती रबरबँडने हाताला बांधून गिरवणे सुरू केले. त्या त्याला सतत पुस्तके वाचून दाखवीत आणि वाचलेल्यावर लिहावयास लावीत.

वयाच्या 8 ते 11 वर्षांच्या दरम्यान केलेले त्याचे लेखन ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने 2000 साली 'बियॉन्ड द सायलेन्स' या नावाने प्रसिद्ध केले. तत्पूर्वी लंडन येथे तज्ज्ञांनी त्याला प्रत्यक्ष तपासले होते. या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती लोर्ना विंग यांनी. कल्पनाशक्तीच्या उणिवेला निदानात स्थान देणाऱ्या विदुषीनेच एका स्वमग्न मुलाच्या साहित्याचा वाचकांना परिचय करून दिला, ही घटना या इतिहासात विशेष नोंद घेण्याजोगी आहे. पुढे हेच पुस्तक अमेरिकेत 2003 साली 'द माइंड ट्री' या नावाने निघाले.

झाडाचे मन

पुस्तकाच्या पहिल्या भागांत टिटोने स्वतःची हकीकत सांगितली आहे. शेवटच्या भागात मात्र कथा येते, आणि अमेरिकी आवृत्तीचे नाव याच कथेवरून पडले. कथेचे निवेदन एक झाड करते. त्याला मन मिळाले आहे, पण डोळे नाहीत, वाचा नाही, जागचे हलता येत नाही. सावलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाहूल ते घेते. आशा, दुःख आणि जिज्ञासा त्याला आहेत, मात्र त्यांतले काहीही ते कोणाला कळवू शकत नाही.

ही कथा केवळ आत्मचरित्राचे रूपांतर म्हणून वाचणे अपुरे ठरेल. त्यात लेखकाने स्वतःच्या अनुभवाला दुसरा देह दिला आहे. स्वतःहून भिन्न असलेल्या अस्तित्वाच्या जागी उभे राहून जग कसे भासेल, हे मांडणे म्हणजेच कथालेखन होय. 1979 च्या त्रिकुटात ज्या शक्तीची उणीव सांगितली गेली, तीच शक्ती येथे कामाला लागलेली दिसते. 2005 साली टिटोचा 'द गोल्ड ऑफ द सनबीम्स अँड अदर स्टोरीज' हा कथासंग्रहही प्रसिद्ध झाला. जपानमधील नाओकी हिगाशिदा याचे वयाच्या तेराव्या वर्षी लिहिलेले पुस्तक 2007 साली निघाले आणि 2013 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद जगभर पोहोचला. त्याच्या अखेरीसही एक कथा आहे. मृत्यूनंतर आपल्या माणसांशी बोलू न शकणारा मुलगा हा तिचा नायक आहे. दोन देशांतील दोन मुलांनी एकच व्यथा निरनिराळ्या कल्पनेतून मांडली आहे.

आंदलुसमधील इब्न तुफैल यांनी बाराव्या शतकात लिहिलेली 'हय्य इब्न यक्जान' ही कथा येथे आठवते. निर्जन बेटावर हरिणीने वाढविलेला हय्य कोणतीही भाषा न शिकता निरीक्षणाने व चिंतनाने सत्यापर्यंत पोहोचतो. बोलणे तो नंतर शिकतो. ही कथा स्वमग्नतेविषयी नाही. तथापि वाचा नसली तरी विचार असू शकतो, ही कल्पना मुस्लिम ज्ञानपरंपरेला परकी नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

लेखणी कोणाच्या हातात?

हदीसशास्त्रात मजकुराबरोबर इस्नादही, म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळीही, तपासली जाते. तोच दंडक येथे लावला पाहिजे. साहाय्यकाने मुलाचा हात धरून टंकलेखन करविण्याच्या पद्धतीची 1990 च्या दशकात नियंत्रित तपासणी झाली, तेव्हा शब्द मुलाचे नसून साहाय्यकाचे असल्याचे वारंवार आढळले. सोमा मुखोपाध्याय यांनी अमेरिकेत प्रसारित केलेल्या अक्षरफलकाच्या पद्धतीबाबतही पुरेसा पुरावा नसल्याचे सांगून तेथील वाचा-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली ती न वापरण्याचा सल्ला दिला. हिगाशिदाच्या लेखनाविषयीही शंका घेतल्या गेल्या आहेत.

टिटो स्वतः हातात पेन्सिल धरून लिहितो, ही बाब त्याचे प्रकरण वेगळे ठरविते. म्हणून एका मुलाच्या यशावरून एखादी पद्धत सर्वांना लागू करणे जितके चुकीचे, तितकेच वादग्रस्त पद्धतीमुळे त्याचे लेखन नाकारणेही चुकीचे आहे. 2013 साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तीन क्षेत्रांऐवजी दोनच ठेवण्यात आली. कल्पनात्मक खेळात इतरांबरोबर सहभागी होण्यातील अडचण तेवढी उदाहरणादाखल राहिली. खेळात सहभागी होता न येणे आणि कल्पनाच नसणे, यांतील फरक शास्त्राने उशिरा का होईना मान्य केला.

सीमाभागातील वर्ग

बेळगाव-निपाणी भागात अनेक मुस्लिम घरांत दखनी उर्दू, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी असा भाषांचा व्यवहार चालतो. स्वमग्न मुलाच्या पालकांना 'एकच भाषा ठेवा' असा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु एकाहून अधिक भाषांमुळे अशा मुलांची भाषिक वाढ खुंटते, याला आजवरच्या संशोधनाने दुजोरा दिलेला नाही. टिटोचे उदाहरणही तेच सांगते. कोणत्या भाषेत लिहावे, हे मुलाच्या कलावर सोपविता येते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. टिटोच्या शिक्षणामागे एका उच्चशिक्षित आईचे संपूर्ण दिवस होते. निपाणीत विड्या वळून घर चालविणाऱ्या आईजवळ तेवढा वेळ कोठून असणार? जे काम एका आईने केले, ते आता संस्थांनी वाटून घ्यावयाचे आहे. कायद्यानेही तशी दिशा दिली आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र समावेश नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो झाला आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत तिला स्थान मिळाले. याच कायद्यानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे असा विद्यार्थी शाळेच्या फाटकापाशी थांबणार नाही. तो महाविद्यालयातही येणार आहे.

निष्कर्ष

या आढाव्यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, स्वमग्नतेतील कल्पनाशक्तीविषयीचे मत एकाच शतकात दोन टोकांना गेले आणि दोन्ही वेळा ते बाहेरून पाहणाऱ्यांनी बनविले. दुसरी, मुलांच्या हाती लेखनाचे साधन आल्यावर त्यांनी आत्मकथनाबरोबरच कथाही लिहिली. तिसरी, लेखन कोणाचे आहे ही तपासणी आणि लेखकाविषयीचा आदर या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

वर्गात उत्तर न देणाऱ्या विद्यार्थ्याला निबंध व कथेच्या स्वाध्यायातून वगळणे हा अनेकदा दयेपोटी घेतलेला निर्णय असतो. परंतु त्यामुळे त्याच्या मनात काय आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो. त्याला जादा वेळ, शांत जागा, पेन्सिल किंवा संगणकाचा कळफलक आणि भाषेची निवड मिळावी, त्याचे लेखन वर्षानुवर्षे जपून ठेवले जावे आणि ते इतरांच्या लेखनाप्रमाणेच गांभीर्याने वाचले जावे. संदल व वळू अशा मोठ्या खर्चाची त्यासाठी गरज नाही. शिक्षकाचा थोडा धीर पुरेसा आहे.